कर आमचा कापला, पुरावाही आम्हीच आणायचा?

शिक्षकाच्या घरात फेब्रुवारी महिना कसा जातो हे त्या घरच्या बाईला विचारावे. वर्षभराच्या इन्कम टॅक्सचा उरलासुरला हिशेब त्या महिन्याच्या पगारातून मिटवला जातो. कुणाच्या हातात निम्मा पगार पडतो, कुणाच्या हातात किराण्यापुरता, आणि एखाद्याचे वेतनपत्रक तर शून्यावर येऊन थांबते. दूधवाला थांबतो, किराणा दुकानदार थांबतो, पोराच्या क्लासची फी थांबते. कर तेवढा थांबत नाही. पगार हाती येण्याआधीच तो गेलेला असतो.

याबद्दल आमची तक्रार नाही. रस्ते, दवाखाने आणि आम्ही शिकवतो ती शाळासुद्धा कराच्या पैशावर चालते, हे आम्ही वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवतो. आमची तक्रार पुढची आहे. कापून घेतलेला हा कर सरकारच्या वहीत आमच्या नावावर चढला नाही, तर सरकार कापणाऱ्याला गाठत नाही. ज्याचा कापला त्यालाच नोटीस पाठवते. पैसे गेले ते आमचे, आणि ते गेले हे सिद्धही आम्हीच करायचे. हा कुठला न्याय?

कथा-कविता वाचायला अंक हातात घेतलेल्या वाचकांना हा विषय रुक्ष वाटेल. वाटू द्या. समाजाचे मोठे प्रश्न आपण प्रत्येक संमेलनात मांडतो, ठराव करतो, टाळ्या घेतो. पण पगारदार माणसाचे आठ-दहा हजार रुपये एका चुकलेल्या अक्षरापायी वर्षानुवर्षे अडकतात, यावर कुणी ठराव केलेला आमच्या पाहण्यात नाही.

आम्ही लोणखेड्याचे. शहाद्याला लागून असलेले हे गाव. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा इकडच्या लोकांना वाटले, आता सरकार जवळ आले. कलेक्टर कचेरी जवळ आली, जिल्हा परिषद जवळ आली, हे खरे. इन्कम टॅक्सच्या कामाला मात्र आम्हाला एसटीत बसून, तापी ओलांडून शहर गाठावे लागते. ते शहर कोणते हे आम्ही मुद्दाम लिहीत नाही. आमचे भांडण एका कार्यालयाशी किंवा एका साहेबाशी नाही. वाचक अकोल्याचे असोत की मिरजेचे, त्यांनी तिथे आपापल्या शहराचे नाव घालून वाचावे. मजकुरात फारसा फरक पडणार नाही.

झाले ते असे. एका वर्षी आमच्या ओळखीच्या अकरा शिक्षकांना एकाच सुमारास नोटिसा आल्या. अनुदानित शाळेत कर कापल्याचे विवरण दर तिमाहीला मुख्याध्यापकांच्या टॅन नंबरावर भरावे लागते. शाळेत कारकून एक. तोच शालार्थचे पगारबिल करतो, तोच शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतो, तोच यू-डायसची माहिती चढवतो. म्हणून हे विवरण बाहेरून पैसे देऊन भरून घ्यावे लागते. त्या वर्षी शेवटच्या तिमाहीत भरणाऱ्याने कुणाच्या पॅनमधले एक अक्षर चुकवले, कुणाची रक्कम भलत्याच्या नावावर टाकली. कपात पगारबिलात होती, वार्षिक वेतनपत्रकात होती, बँकेच्या पासबुकात कमी जमा झालेल्या पगाराच्या रूपाने होती. फक्त २६एएस नावाच्या तक्त्यात नव्हती. आणि कॉम्प्युटर वाचतो तो फक्त तोच तक्ता. बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राने कपात झालीच नाही असे धरले, कराची मागणी काढली आणि तिच्यावर व्याजही लावले.

आम्ही किरकोळ रजा टाकून शहरात गेलो. दारावर शिपाईमामा भेटले. "सायेब मिटिंगले गयात," ते म्हणाले. पुढच्या खेपेला साहेब होते. कागद पाहून म्हणाले, "गुरुजी, हे आमच्याकडे नाही. बंगळुरूला ऑनलाईन लिहा." बंगळुरूला लिहिले तर उत्तर आले की कपातीची नोंद आमच्या हातात नाही, ज्याने कापले त्याने विवरण दुरुस्त करावे. कपातीच्या विवरणांचे केंद्र गाझियाबादला. तिथेही तेच उत्तर, विवरण शाळेने दुरुस्त करावे. शाळेत गेलो तर ज्या मुख्याध्यापकांच्या सहीचे ते विवरण होते ते निवृत्त झालेले. नवे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत, पण दुरुस्तीचे पैसे कुठल्या खर्चात दाखवायचे हा त्यांचा प्रश्न. त्यात उशिरा भरलेल्या विवरणाला दिवसाला २०० रुपये शुल्क. २०१२ पासून ते लागू झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली ते वैध ठरवले. जुनी फाईल उघडली की आणखी काय बाहेर येईल, या धास्तीने शाळा ती फाईल उघडायलाच तयार नसते.

बंगळुरू आपल्या जागी बरोबर, गाझियाबाद बरोबर, शहरातले साहेब बरोबर, शाळाही बरोबर. सगळेच बरोबर असताना चुकीचा ठरला तो फक्त कर भरणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर चोरही नाही. नुसता संन्यासी आहे आणि फास आहे.

त्या अकरांपैकी तिघांनी निमूटपणे दुसऱ्यांदा पैसे भरून टाकले. "सर, किती गाडीभाडे घालवायचे? किती रजा टाकायच्या? आठ हजारांसाठी कितीदा हात पसरायचे?" असे एकाने विचारले तेव्हा आम्हाला उत्तर सुचले नाही. आमच्याच एका आपांना पुढच्या वर्षी परतावा मिळायचा होता, तो परस्पर या जुन्या मागणीत वळता झाला. त्यांना कळले ते बँकेत पैसे आले नाहीत म्हणून. वळते करण्याआधी कळवावे असे कायदा म्हणतो. कळवले असेलही, पण ते ई-मेलवर. तो ई-मेल पत्ता ज्याने विवरणपत्र भरून दिले त्या दुकानदाराचा.

आता नावांकडे येऊ. हा विषय आमच्या समाजाच्या खास जिव्हाळ्याचा आहे.

खान्देशात, विदर्भात, मराठवाड्यात आपली नावे कशी असतात हे वाचकांना सांगायला नको. समजा एकाचे नाव शेख सलीम शेख करीम. शेख सलीम हा मुलगा, शेख करीम हा बाप. यात आडनाव कोणते? माणसाला विचारले तर तो म्हणेल शेख. पण शेख दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा आधी आहे. पॅनच्या फॉर्मला आडनाव वेगळ्या खान्यात लागते. भरणाऱ्याने आडनाव शेख, नाव सलीम, मधले नाव शेख करीम असे केले. आधार काढणाऱ्याने शाळेच्या दाखल्यावरून सरळ शेख सलीम शेख करीम केले. बँकेने सलीम शेख केले. शालार्थमध्ये शेख सलीम एवढेच बसले. माणूस एक, सही एक, आणि सरकारदरबारी चौघे जण.

वर स्पेलिंग. उर्दूत नाव लिहिताना जेर-जबर बहुधा घालत नाहीत. वाचणारा ते मनाने घालतो. तेच नाव उर्दूतून मराठीत येते, मराठीतून इंग्रजीत जाते, आणि प्रत्येक मुक्कामावर एखादे अक्षर गळते किंवा चिकटते. शेख कधी 'एस एच ए आय के एच', कधी 'एस एच ई आय के एच', कधी नुसते 'एस के'. मोहम्मद किती तऱ्हांनी लिहितात त्याची आम्ही एकदा स्टाफरूममध्ये मोजदाद सुरू केली होती. चहा संपला, यादी संपली नाही. बायकांच्या नावातले 'बी' हे नावाचा भाग की आदराचा शब्द? निकाहनंतर बापाचे नाव ठेवायचे की नवऱ्याचे लावायचे? आपल्याकडे या प्रश्नांची घरोघरी वेगळी उत्तरे आहेत आणि त्यात कुणाचे काही बिघडत नव्हते.

बिघडले ते पॅनला आधार जोडा असा हुकूम निघाला तेव्हा. २०१७ च्या वित्त कायद्याने ही सक्ती आली, मुदती वाढत गेल्या, शेवटी ३० जून २०२३ ही तारीख पक्की झाली आणि १ जुलैपासून न जोडलेले पॅन निष्क्रिय ठरले. जोडणी होते ती नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळले तर. निष्क्रिय पॅनवर परतावा नाही आणि कपात चढ्या दराने. मुदतीनंतर जोडायचे तर हजार रुपये. १ जुलै २०२३ ते ३१ जानेवारी २०२४ या सात महिन्यांत या विलंब शुल्कातून ६०० कोटींहून जास्त रक्कम जमा झाल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. त्यात आळशी लोकांचे पैसे किती आणि ज्यांची नावे जुळेनात त्यांचे किती, हा हिशेब कुणी मांडला?

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो. हे फक्त मुसलमानांच्या वाट्याला आलेले नाही. आमच्या सोबत रांगेत धडगावकडचे एक पावरा गुरुजी होते. त्यांचे आडनाव एका कागदावर 'व्ही'ने आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने. जन्मतारीख एका कागदावर १ जून, दुसऱ्यावर दुसरीच. १ जूनची गंमत खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. आमच्या भागातली अर्धी जुनी पिढी त्याच दिवशी जन्मली आहे. रांगेत गुजर पाटील होते, शिंपी होते, भिल्ल होते. कॉम्प्युटरला कुणाची जात कळत नाही आणि धर्मही कळत नाही. त्याला फक्त न जुळलेले अक्षर कळते. पण अक्षरे कुणाची जुळतात? ज्यांची नावे इंग्रजी फॉर्मच्या तीन खान्यांत नीट बसतात त्यांची. ज्यांची बसत नाहीत ते सगळे या रांगेत आहेत, मग ते मशिदीत जाणारे असोत की डोंगऱ्यादेवाला.

पगारदारच तेवढे भरडले जातात असेही नाही. शहादा हा पपईचा आणि केळीचा तालुका. आमच्या ओळखीतले एक बागवान चाचा शेतकऱ्यांकडून पपई घेतात, गाडी भरतात, परप्रांतात पाठवतात. व्यापाऱ्याचे पैसे बँकेत येतात, शेतकऱ्याला रोख द्यावे लागतात. चाचांच्या हातात उरते ते कराच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली, म्हणून त्यांनी कधी विवरणपत्र भरले नव्हते. १ जुलै २०२० पासून नियम आला. तीन वर्षे विवरणपत्र न भरणाऱ्याने वर्षात वीस लाखांवर रोख काढली तर बँकेने दोन टक्के कापावेत. वीस लाख ही पपईवाल्याची कमाई नव्हे, ती त्याच्या हातून शेतकऱ्याकडे जाणारी रक्कम. दोन टक्के म्हणजे कधी कधी त्याचा सगळा नफा. परत मिळतात, पण विवरणपत्र भरून, वर्ष उलटल्यावर. चाचा आम्हाला म्हणाले, "मास्तर, मी शेतकऱ्याचे पैसे शेतकऱ्याला दिले, यात मी काय कमावले ते तरी सांगा!" शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून शेतकऱ्याला हा जाच नाही, त्याची पपई उचलणाऱ्याला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कार्यालयात हे कुणी आपणहून सांगत नाही.

आमची प्रकरणे ज्या वर्षांची, ती १९६१ च्या कायद्याखालची. त्या कायद्यातले कलम २०५ इतके साधे आहे की आठवीच्या मुलालाही समजेल. उत्पन्नातून जेवढा कर मुळातच कापला गेला, तेवढा कर भरायला त्या माणसाला पुन्हा सांगता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली यशपाल साहनी यांच्या प्रकरणात हेच सांगितले. मालकाने कर कापला आणि सरकारात भरलाच नाही, तरी नोकराकडून तो वसूल करता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तर लोकांचे हाल पाहून आपणहून प्रकरण हाती घेतले आणि मार्च २०१३ मध्ये आदेश दिले. त्यानुसार जुलै २०१३ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढली की, करदाता कपातीचा तपशील घेऊन आला तर अधिकाऱ्याने कर जमा झाला का ते पडताळावे आणि झाला असेल तर त्याला श्रेय द्यावे. १ जून २०१५ ला मंडळाने पुन्हा कळवले की, कापणाऱ्याने न भरलेल्या कराची वसुली करदात्यावर लादू नका. मार्च २०१६ मध्ये तेच तिसऱ्यांदा.

एकच गोष्ट तीनदा का सांगावी लागते? वर्गात आम्ही एखादी सूचना तीनदा देतो तेव्हा कारण उघड असते. मागच्या बाकावर कुणी ऐकत नाही.

सरकारला हे माहीत नाही असे नाही. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी कबूल केले की १९६२ पासूनच्या कितीतरी किरकोळ, न पडताळलेल्या, वादग्रस्त मागण्या वह्यांत पडून आहेत आणि प्रामाणिक लोकांना त्यांचा जाच होतो. मग २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या दहा हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेतल्या. सुमारे एक कोटी लोकांना याचा फायदा होईल असे सांगितले. चांगले केले. पण ज्यांनी भिऊन, कंटाळून, गाडीभाड्याला महाग होऊन दुसऱ्यांदा पैसे भरून टाकले होते त्यांचे काय? त्यांना काही मिळाले नाही. जो भांडत बसला किंवा नुसता गप्प बसला तो सुटला. ज्याने निमूट भरले तो बुडाला. यातून लोकांनी काय धडा घ्यावा?

व्याजाचे पाहा. आमच्याकडे निघालेल्या मागणीवर महिन्याला एक टक्का. सरकारकडे अडकलेल्या आमच्या परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का. पैसा तोच, महिना तोच, पण तो कुणाच्या खिशात अडकला यावर त्याची किंमत ठरते. (आमच्यातले काही जण परताव्यावरचे व्याज सूद म्हणून वेगळे काढतात आणि स्वतः वापरत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तर हा व्यवहार दोन्ही बाजूंनी तोट्याचाच.)

आणखी एक उदाहरण आमच्या दारातले आहे. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला सहकारी साखर कारखाना आहे. इकडचे अर्धे राजकारण आणि पुष्कळसे संसार त्याच्या भोवती फिरत आले. शेतकऱ्याला ठरलेल्या दरापेक्षा जास्त दिलेला उसाचा भाव हा नफा धरायचा की खर्च, यावर इन्कम टॅक्स खाते आणि राज्यातले सहकारी कारखाने यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारने तो मिटवला. जवळजवळ दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल असे सांगितले गेले. तो दिलासा रास्तच होता. उसाचा भाव शेतकऱ्याच्या पदरात पडला होता, त्यावर कर कशाला? आमचे म्हणणे एवढेच की कारखान्यांमागे खासदार होते, आमदार होते, सहकारमंत्री होते, म्हणून दहा हजार कोटींची गाठ सुटली. मास्तराच्या आठ हजारांची गाठ सोडवायला फक्त एका कारकुनाने जुने चलन पाहायचे होते.

मग आम्ही काय केले? पहिल्यांदा तोंडी विनवण्या बंद केल्या. अर्ज लिहिला, तोही मराठीत. खिडकीवर सांगण्यात आले, "इंग्रजीत आणा, नाही तर हिंदीत." आम्ही राज्यघटनेचे कलम ३५० झेरॉक्स करून नेले होते. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असे ते कलम सांगते. याच्या लगेच पुढचे ३५०क हे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे. उर्दू शाळेच्या शिक्षकाला ते पाठ असते. शेजारचे कलम त्याने का विसरावे? आमच्यातल्या एकाने तर दुसरा अर्ज उर्दूत लिहून आणला होता. तो पुढे सरकवल्यावर मराठी अर्ज एकदम सोपा वाटू लागला आणि त्यावर शिक्का पडला. आवक क्रमांक मिळाला.

भाषेचा मुद्दा वरवरचा नाही. नोटीस इंग्रजीत येते. ती वाचायला माणूस दुकानदाराकडे जातो, आणि तिथूनच त्याची लूट सुरू होते. तीच नोटीस मराठीत आली तर? रक्कम, मुदत, वसुली, हुकूम, दाखल, खारीज, जप्ती, तहकूब हे शब्द मराठी कचेरीत आले ते फारसीतून. ज्या आपांना इंग्रजी येत नाही आणि मराठीही जेमतेम येते, त्यांना मराठी नोटिशीतले अर्धे शब्द उर्दूच्या वाटेने कळले असते.

अर्जाला उत्तर आले नाही तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज केला. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आम्ही तीनच गोष्टी विचारल्या: आमचा अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, जुलै २०१३ च्या सूचनेप्रमाणे पडताळणी कोणत्या तारखेला केली, केली नसेल तर का नाही. या अर्जानंतर अकरांपैकी चौघांच्या मागण्या रद्द झाल्या. पत्रात कारण दिले नव्हते, दिलगिरीही नव्हती. तिघांनी आधीच भरले होते. उरलेल्या चौघांचे काम अजून चालू आहे.

आमच्याच माणसांनी आम्हाला आडवले, हेही लिहिले पाहिजे. "कशाला सरकारी माणसाच्या डोळ्यावर यायचे? आपली नावे पाहून आणखी चौकशी लावतील." ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. २०१९-२० मध्ये कागदपत्रांच्या धास्तीने आपली म्हातारी माणसे दाखल्यांसाठी कशी रांगेत उभी राहिली होती ते आम्ही पाहिले आहे. पण हिशेब कर भरल्याचा आहे, लपवल्याचा नाही. ज्याच्या पगारातून कर कापला गेला त्याने तोंड लपवायचे आणि ज्याच्या टेबलावर अर्ज पडून आहे त्याने ताठ बसायचे, ही उलटी रीत भीतीनेच चालू ठेवली आहे.

या भीतीवर कोण जगतो? दलाल जगतो. "तुम्ही जाऊ नका, मी साहेबांशी बोलतो," हा त्याचा धंदा. त्याचाच दुसरा भाऊ परतावा काढून देणारा. राजकीय पक्षाला न दिलेली देणगी दाखवतो, नसलेले घरभाडे दाखवतो, नसलेला आजार दाखवतो आणि परताव्यात वाटा घेतो. आपल्यातले काही शहाणे त्याच्याकडे जातात आणि स्टाफरूममध्ये बढाया मारतात. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने असल्या खोट्या वजावटींवरून देशभरात दीडशे ठिकाणी झडती घेतली. महाराष्ट्रही त्यात होता. आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार लोकांनी एक हजार पंचेचाळीस कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने सांगितले. दलालाने घेतलेला वाटा यातल्या कुणाला परत मिळाला असेल? या लबाडीचा आम्हाला राग यासाठी येतो की तिच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही खिडकीवरचा माणूस संशयाने पाहतो.

कुणी म्हणेल, आता नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत कर लागत नाही, मास्तरांचा प्रश्न सुटला. नव्या पोरांचा सुटला असेल. जुन्या मागण्या, अडकलेले परतावे, न जुळणारी नावे आणि बागवान चाचांचे दोन टक्के जिथल्या तिथे आहेत. आणि दाद मागण्याची दारे कमीच झाली. २००६ च्या नियमांप्रमाणे इन्कम टॅक्सचे लोकपाल होते, ते पद केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये मोडीत काढले. ऑगस्ट २०२० मध्ये करदात्यांची सनद आली. करदात्याला प्रामाणिक समजून वागवू, असे तिच्यात लिहिले आहे. त्याच दिवशी चेहरा नसलेली तपासणीही आली. लाच बंद व्हावी म्हणून अधिकाऱ्याचा चेहरा झाकला. ठीक आहे. पण न जुळलेल्या नावाचा माणूस आपला चेहरा दाखवून "मीच तो" असे कुणाला सांगणार?

म्हणून आमची मागणी मोठी नाही. महिन्यातून एक दिवस एक अधिकारी शहाद्याच्या तहसील कचेरीत येऊन बसावा. त्याच्यापुढे पासबुक आणि पगारपत्रक ठेवले की त्याने तिथल्या तिथे पडताळून सही करावी. कापणाऱ्याच्या चुकीचा खर्च कापणाऱ्याने सोसावा आणि तोवर करदात्याची मागणी व तिच्यावरचे व्याज गोठवावे. मागणीची नोटीस मराठीत यावी, आणि नावातला फरक शाळेच्या दाखल्यावरून, मुख्याध्यापकांच्या सहीने मिटावा. ज्यांनी दुसऱ्यांदा भरले त्या तिघांचे पैसे महिना एक टक्क्याने परत मिळावेत, म्हणजे खाते आमच्याकडून घेते त्याच दराने. हेच सगळे आम्ही मराठीत लिहून, बावीस सह्या घेऊन दिले आहे. सह्यांत पावरा गुरुजींची आहे, बागवान चाचांचा अंगठा आहे. आवक क्रमांक आमच्याकडे आहे. तीस दिवस उलटले की पुढचा दहा रुपयांचा अर्ज जाईल, आणि त्यात अंगठ्याच्या जागी सही असेल. चाचा सध्या रात्री इशानंतर आमच्याकडे आपले नाव लिहायला शिकत आहेत, तिन्ही लिप्यांत.